माईकच्या जाळीतली लाल माती

"टेन्शननंच गेलं बघ त्ये. घरात गप बसलं आसतं तर आजून धा वर्सं हललं नसतं."

तुमच्या रक्षाविसर्जनाला आम्ही बायका ओढ्याच्या अलीकडे बसलो होतो आणि हे वाक्य माझ्या पाठीमागून आलं. हळू आवाजात आलं, पण आपल्या गावातला हळू आवाज म्हणजे पुढच्या तीन रांगांना ऐकू जाईल एवढा. कोण बोललं ते मी वळून बघितलं नाही. मी काकीकडे बघितलं. तिनं सकाळपासून माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. ते वाक्य आलं आणि तिची बोटं सैल पडली. हात तिथंच होता, पण त्यातली पकड गेली होती.

तात्या, तुमच्या माघारी काय बोललं जातंय ते तुम्हाला सांगायलाच हवं. तुमच्यापासून काही लपवलेलं तुम्हाला कधी खपलं नाही.

आणि खरं सांगू? पहिल्यांदा मला रागच आला नाही. मला वाटलं, तुम्ही असता तर या वाक्यावर माईकवरून काय बोलला असता? जत्रेच्या मैदानात तुम्ही कुस्त्यांचं निवेदन करायचात; एखादा पैलवान चीत झाला, लोक हसायला लागले, की तुम्ही गर्जायचात, "पडला न्हाई मंडळी, माती घ्यायला वाकलाय गडी! टाळ्या!" आणि हसणारेच टाळ्या वाजवायचे. हरलेल्याची बाजू घ्यायला तुम्ही होतात. तुमची बाजू घ्यायला त्या सकाळी कोण होतं?

तुम्हाला भीती वाटते हे मला पहिल्यांदा कळलं पलूसच्या मैदानात. मी नववीत होते. सांगलीत आमच्या शाळेत इंग्रजीतून भाषणांची स्पर्धा होती. मी नाव दिलं आणि दुसऱ्या दिवशी काढून घेतलं. बाबा म्हणाले, "त्यात घाबरायचं काय?" बाई म्हणाल्या, "रिलॅक्स." दोघांचं ऐकून माझी धडधड वाढलीच, कारण आता भीतीच्या जोडीला घाबरल्याची लाजही आली होती. तुम्ही त्या दिवशी घरी आला होतात. थोरल्या भावाच्या हक्कानं बाबांना म्हणालात, "हिला जरा मैदान दावून आणतो," आणि मला जीपमध्ये घातलंत.

स्टेजच्या मागे तुम्ही उभे होतात. पांढरा शर्ट, डोक्याला भगवा फेटा. पलीकडे हलगी कडाडत होती आणि माणसं झाडांवरसुद्धा चढून बसली होती. तुमचे साऊंडवाले मुबारकभाई चहा घेऊन आले. बशी तुमच्या हातात गेली आणि चहा काठावर हिंदकळायला लागला.

"तात्या, तुमचे हात..."

"व्हय. कापाय लागल्यात."

"तुम्हाला भीती वाटते?"

"लय वाटती. मैदान भरलं की पोटात कालवतंयच."

"पण तुम्ही तर इतकी वर्षं बोलताय."

"इतकी वर्सं कालवतंयच की!"

आणि तुम्ही चहा संपवून आखाड्याच्या कडेला वाकलात, चिमूटभर लाल माती उचललीत आणि तळव्यांवर चोळलीत. म्हणालात, "हे बघ, मॅडम." मी इंग्लिश मीडियमची, म्हणून पहिलीपासूनच तुमची मॅडम होते. "पैलवान सलामीला निघाला की त्येच्या हाताला घाम येतोय. का येतोय? आता धरायचं हाय, हे अंगाला त्येच्या आदी कळलेलं आसतंय. घाम आला म्हणून कोण घरला जातंय व्हय? माती लावायची आन धरायचं."

मागून मुबारकभाई ओरडले, "ओ तात्या, त्या हातानं माईक धरू नगा! परवाच जाळी धुतलीया."

"ऱ्हाऊ दे रं. माईकला बी जरा तालीम कळू दे."

मग तुम्ही पायऱ्या चढलात. मी तुमच्या हाताकडे बघत होते. पहिल्या वाक्यापर्यंत तो कापत होता. दुसऱ्या वाक्याला कापरं हातातून निघून आवाजात गेलं, आणि आवाजात गेल्यावर ते कापरं राहिलंच नाही. समोरचे हजारो लोक एकदम गप्प झाले.

मी त्या दिवसानंतर धीट वगैरे झाले नाही, तुम्हाला माहीत आहे. अजूनही चार अनोळखी माणसं असली की मी कोपऱ्यातली खुर्ची शोधते. पण घरातल्या सगळ्या मोठ्यांमध्ये तुम्ही एकटे असे होतात ज्यांनी मला कधी "घाबरू नकोस" म्हटलं नाही. त्यामुळे धडधडीची लाज हळूहळू गेली. लाज गेली की धडधड बरीच हलकी होते. हे मला पुढे कामावर, दुसऱ्यांच्या छात्या ऐकताना नीट समजलं. मिरजेत मी हृदयाच्या पेशंटकडून व्यायाम करून घेते. हे काम मी का निवडलं असं लोक विचारतात, तेव्हा मी काहीतरी सरळ उत्तर देते. तुमचं नाव सांगितलं नाही कधी. तुम्हालाही नाही सांगितलं.

मग तुम्हालाच झटका आला.

दवाखान्यातून सोडताना डॉक्टर जाता जाता एक वाक्य बोलले, "आता टेन्शन घ्यायचं नाही." आपल्या घरानं त्याचा कायदा केला. मेंढरं दगावली, तुम्हाला सांगितलं नाही. बांधावरचा आंबा वाऱ्यानं पडला, सांगितलं नाही. तुम्हाला कुस्ती शिकवणारे वस्ताद आजारी पडले, तेही नाही. मॅचमध्ये शेवटची षटकं आली की कुणीतरी उठून टीव्ही बंद करायचं. फोन वाजला की घेणारा गोठ्यात जाऊन बोलायचा. भेटायला येणारा प्रत्येक माणूस शहाळं खाली ठेवायचा, तुमच्याकडे दयेनं बघायचा आणि म्हणायचा, "तात्या, टेन्शन घेऊ नका." सगळ्यांचं प्रेमच होतं ते. त्या प्रेमानं तुम्हाला सोप्यातल्या कॉटवर बसवलं आणि तिथून हलू दिलं नाही. काकीनं फेटा ट्रंकेत घालून कुलूप लावलं. मैदानांची बोलावणी आली की बाहेरच्या बाहेर, "तात्या आता बोलत न्हाईत."

मी सुट्टीच्या दिवशी येत होते आणि बघत होते. बोलत नव्हते, पण बघणं मला जमतं. तुम्ही दिवसातून कितीतरी वेळा स्वतःच स्वतःची नाडी धरून बसायचात. मांजरानं भांडं पाडलं तरी तुमचा हात छातीवर जायचा. ज्या धडधडीला तुम्ही आयुष्यभर कामाला जुंपलं होतं, तिलाच तुम्ही आता भीत होतात. खांदे उतरले होते. जिन्याच्या चार पायऱ्याही नको म्हणायचात. तपासण्या बऱ्या येत होत्या आणि माणूस मात्र रोज थोडा कमी होत होता.

एका दुपारी तुम्ही मला जवळ बोलावलंत. "मॅडम, एक इचारू? खरं सांगायचं."

"विचारा की."

"मी मेलोय का?"

मी कॉटवर तुमच्या शेजारी बसले.

"न्हवं, घरात समदी हळू बोलत्यात. फोन आला की भाईर जात्यात. येणारा माणूस माझ्याकडं फोटोकडं बगावं तसा बगतोय. मला आपलं वाटाय लागलंय, मी कवाच मेलोय, आन टेन्शन यील म्हणून कोण मला सांगंना झालंय."

मी इतकी हसले की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. तुम्हीही हसलात, खूप दिवसांनी. स्वयंपाकघरातून काकी धावत आली, हाताला पीठ तसंच. "काय झालं गं? काय सांगितलंस त्यास्नी? लय हसवू नगंस, डॉक्टरनी..." आणि आम्ही पुन्हा हसायला लागलो. त्या रविवारी मी बाबांशी आयुष्यात पहिल्यांदा वाद घातला आणि सोमवारी तुम्हाला मिरजेला घेऊन गेले.

डॉक्टरांनी सगळं तपासून मगच तुम्हाला चालायच्या पट्ट्यावर उभं केलं. छातीला वायरी चिकटवल्या. पट्टा सुरू झाला, वेग वाढला, तसे तुम्ही म्हणालात, "आवं डॉक्टर, तुमीच म्हणला हुता टेन्शन घेऊ नगा. मग ह्ये काय चालवलंय?"

डॉक्टर हसले. "हे आम्ही देतोय ना, मोजून. हृदयाला किती पेलतंय ते बसवून ठेवून कसं कळणार, तात्या?"

तुम्ही वळून माझ्याकडे अशा नजरेनं बघितलंत की जणू कुस्ती निकाली झाली. आणि त्या आनंदात, चालत्या पट्ट्यावर, तुम्ही शड्डू ठोकलात! दोन वायरी निघाल्या. आमच्या टेक्निशियननं सगळं थांबवून परत चिकटवल्या आणि मला विचारलं, "हे तुमचे कोण?" मी म्हणाले, "माझे काका." एवढंच म्हणाले, पण तो शब्द उच्चारताना माझी मान वर होती.

त्यानंतर दर आठवड्याला व्यायाम आणि दर आठवड्याला आपलं भांडण. तुमचं म्हणणं, धडधड म्हणजे अंग कामाला लागलं, तिला भ्यायचं नाही. माझं म्हणणं, हे खरं आहे, पण अर्धंच. छातीत दाबलं, दम पुरेना झाला, हात किंवा जबडा दुखला, बसल्या जागी गार घाम फुटला, तर तो सलामीचा घाम नाही. त्याला माती लावायची नाही, दवाखाना गाठायचा.

"म्हंजी समोर पैलवान न्हाई आन घाम आलाय."

"हो. आणि समोर पैलवान असला तरी छातीत दुखलं तर कुस्ती तिथंच सोडायची."

तुम्हाला ते आवडलं नव्हतं. पण पुढे एकदा भर दुपारी तुम्ही काकीला घेऊन स्वतःहून आलात आणि दारातूनच म्हणालात, "मॅडम, समोर कोण न्हवतं." त्या दिवशी तुमची औषधं बदलली. तेवढं एक ऐकलंत म्हणून मी तुमच्या बाकीच्या वाक्यांनाही मान द्यायला शिकले.

पण एका भांडणाचा निकाल लागला नाही. मी तुम्हाला माझ्याकडे येणाऱ्या बायकांबद्दल सांगितलं. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस, स्वतःचं काम, झोप नाही, वर्षानुवर्षं नाही. "त्यांना कसली माती लावायला सांगू, तात्या? त्यांची कुस्ती सुटतच नाही."

तुम्ही म्हणालात, "कुस्ती संपली की लंगोट सोडायचा आसतो. रातध्याड बांधून फिरलं तर माणूस खलास हुणारच."

"संपतच नाही म्हणतेय मी."

"मग पंच सोडवत्यात. बरुबरीत."

"आणि ज्याला पंच नाही त्यानं काय करायचं?"

तुम्ही फेट्याशिवायच्या डोक्यावरून हात फिरवलात. "मग बगणारी काय नुसती बगतच बसत्यात व्हय?" एवढ्यात खाली जीपचा हॉर्न वाजला. उठता उठता म्हणालात, "फुडल्या खेपंला सांगतो." पुढच्या खेपेला दुसराच विषय निघाला. मीही आठवण केली नाही. मला वाटलं, आहे की वेळ.

डॉक्टरांनी मैदानाला परवानगी दिली, तरी काकीनं दिली नव्हती. ट्रंकेची किल्ली तिच्या कमरेला होती. पाटणच्या जत्रेचं बोलावणं आलं तेव्हा घरात सगळे "नको" म्हणाले. त्या सकाळी काकीनं कुणाला न विचारता ट्रंक उघडली, फेटा काढला, झटकला आणि तुमच्या पुढ्यात धरला.

"घ्या. ह्ये घर एवढं गप कवा न्हवतं. मला सोसंना."

तुम्ही तिच्याकडे बघतच राहिलात. ती म्हणाली, "बगताय काय? गोळी वरच्या खिशात हाय. खालच्या न्हाई, वरच्या."

पाटणला मी स्टेजच्या मागेच उभी होते, मुबारकभाईंच्या शेजारी. तुम्ही चहाची बशी घेतली. ती हलायला लागली. मी पुढे झाले, पण तुम्ही हात वर करून मला थांबवलंत. तुमच्या चेहऱ्यावर हसू होतं.

"आली बघ," म्हणालात. "लय दिस वाट बगत हुतो हिची."

वाकून माती घेतलीत. मुबारकभाई जाळीबद्दल कुरकुरले, पण माईक त्यांनी स्वतःच तुमच्या हातात दिला. मग तुमचा आवाज डोंगरावर जाऊन आपटला आणि परत आला. पाटणच्या लोकांनी तुम्हाला बघून उभं राहून टाळ्या वाजवल्या. मी आयुष्यात इतकी ताठ कधी उभी राहिले नसेन. बाजूच्या एका अनोळखी बाईला मी आपण होऊन म्हणाले, "ते माझे काका आहेत." मी! आपण होऊन!

त्यानंतर तुम्ही कॉटवर फक्त झोपायला गेलात. मेंढरांचं, पावसाचं, वस्तादांचं, सगळं तुम्हाला सांगितलं जाऊ लागलं. वस्ताद गेले तेव्हा तुम्ही त्यांच्या तालमीत जाऊन रडलात आणि तिथल्या पोरांना त्यांचे डाव सांगत संध्याकाळपर्यंत बसलात. घरी आलात ते थकून, पण सरळ चालत. दुःख सोसायचा हक्क आम्ही तुम्हाला परत दिला होता, आणि त्यानं तुमचं काही बिघडलं नाही. उलट तुम्ही पुन्हा अंगानं भरल्यासारखे दिसत होतात.

शेवटच्या फोनवर तुम्ही मला विचारलं होतंत, "काय मॅडम, कवा बोलणार?" आमच्या विभागात पेशंटच्या घरच्यांसमोर बोलायचं काम माझ्याकडे आलं होतं आणि मी तारीख पुढे ढकलत होते, हे तुम्हाला बाबांनी सांगितलं होतं. मी म्हणाले, "बघू." तुम्ही म्हणालात, "मी येतो ऐकाय. म्हागं बसतो. वरडत न्हाई." मी हसले. या म्हणायचं राहून गेलं.

सकाळी चहा पिऊन तुम्ही कॉटवर टेकलात, काकीला शेरडं सोडायला सांगितलंत, आणि ती परत येईपर्यंत गेलात. त्याच्या चार दिवस आधी तुम्ही एका मैदानात बोलला होतात. म्हणून लोकांनी ते दोन दिवस एकमेकांना जोडले. डॉक्टर म्हणाले, पहिल्या झटक्यातच हृदयाचा एक भाग कायमचा दुबळा झाला होता. मी तुमच्याशी कधी खोटं बोलले नाही, आताही बोलणार नाही. त्या मैदानाचा आणि त्या सकाळचा काडीचाही संबंध नव्हता, असं कुणीच छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही. पण संबंध होताच, असंही कुणाला सांगता येणार नाही. तुमच्या मरणाबद्दल मला थोडंच माहीत आहे. तुमच्या जगण्याबद्दल मात्र पुष्कळ माहीत आहे.

ओढ्याकाठी भाषणं सुरू झाली. माजी सरपंच उभे राहिले. तुमच्या आवाजाबद्दल चांगलं बोलले, मग आवाज खाली आणून म्हणाले, "तात्यांच्या जाण्यातनं आपण समद्यांनी एक बोध घ्यावा. बाबांनो, टेन्शन घेऊ नका. घरच्यांनी येळीच आवरलं आसतं, तर आज तात्या आपल्यात असते." माणसांनी माना हलवल्या. पाठीमागची बाई म्हणाली, "आगदी खरं."

काकी माझ्याकडे न बघता, ओढ्याकडे बघत म्हणाली, "मी त्यो फेटा ट्रंकंतनं काढलाच नसता तर, गं?"

तिची कुस्ती सुरू झाली होती, तात्या. तिथं बसल्या जागी. आणि मला दिसलं की ही सुटणारी नाही. बारावा होईल, वर्षश्राद्ध होईल, ती ट्रंक बघेल आणि रोज स्वतःला हेच विचारेल. तिला पंच नव्हता. तुम्ही अर्धवट सोडलेलं उत्तर मला तेव्हा आठवलं: बगणारी काय नुसती बगतच बसत्यात व्हय?

मुबारकभाई माईक घेऊन उभे होते. "आनि कुणाला दोन शब्द..." कुणी उठलं नाही. ते बटणाकडे वाकले.

मी उठले. पोटात कालवायला लागलं. छाती अशी वाजत होती की शेजारणीला ऐकू जाईल असं वाटलं. तळवे ओलेचिंब. समोर सगळं गाव. मी खाली वाकले. तिथली माती लाल नाही, पांढरट, मुरमाड. ती उचलली, दोन्ही हातांना चोळली आणि चालत गेले. मुबारकभाईंनी माझ्या हातांकडे बघितलं आणि या वेळी जाळीबद्दल एक शब्दही काढला नाही. माईक माझ्या हातात दिला. जाळीच्या भोकाभोकांत तुमची माती होती, जुनी, लाल.

पहिल्यांदा नुसता श्वास वाजला स्पीकरमधून. दुसऱ्यांदा आवाज आला तो कापत आला. मी तो कापू दिला. सरपंचांकडे बघितलं नाही, त्या बाईकडेही नाही. काकीकडे बघत बोलले.

"तात्यांना टेन्शन यायचं. प्रत्येक मैदानाला यायचं. त्यांचे हात कापायचे, मी बघितलंय. ते टेन्शन घेऊनच ते उभे राहायचे. काकी, तू फेटा काढलास म्हणून तात्या परत जगले. त्याच्या आधीच ते गेले होते, सोप्यातल्या त्या कॉटवर, आणि टेन्शन येईल म्हणून आपण कुणी त्यांना सांगितलं नव्हतं."